अंगठा

आमच्या गावात विमानाला इमान म्हणतात.
"इमान चाल्लं," पराटीतून मान वर करून वच्छला म्हणते
आणि परत कापूस वेचू लागते.
मी मात्र आवाज पुरता विरेपर्यंत
धुऱ्यावर उभा.
एक इंजिन की दोन, कानाला अजून कळतं.

पोरं विचारतात, आबा, तुमी उडवत होते का?
नाही रे. मी फळा लिहीत होतो.
जाड पारदर्शक फळा, मेणाची पेन्सिल,
डावीकडे विमानांचे आकडे, उजवीकडे माणसं.
कुणी कशात बसायचं ते फ्लाइट कमांडर सांगायचा.
अक्षर माझं.

तुम्हाला वाटतं ज्याचं त्याचं इमान असते,
जशी ज्याची त्याची बैलजोडी.
तसं नसतं.
काचेखाली रंगवलेलं नाव एकाचं,
आत बसलेला दुसराच,
आणि नाववाला रजेवर, बहिणीच्या लग्नाला.
सहा वैमानिक, चार विमानं,
त्यातलं एक कायम जॅकवर, पोट उघडं,
खाली तेलाचा ट्रे.
जे धड असेल ते, ज्याची वेळ असेल त्याचं.
सकाळी सही करून घ्यायचं,
दुपारी सही करून परत द्यायचं.

त्या मंगळवारी दोनशे सतरावर नांगिया होता.
त्याला सर्दी झाली. साधी सर्दी.
डॉक्टर म्हणाला, वर गेलास तर कान फुटतील, आज नको.
"सैकियाला टाक," कमांडर चहा पिता पिता म्हणाला.
पुसायचं फडकं खिळ्याला होतं, दोन पावलांवर.
मी अंगठ्यानेच पुसलं.
इंग्रजीत दोघांचीही सहा-सहा अक्षरं,
शेवटची दोन सारखीच.
ती मी पुसली नाहीत.
नांगियाच्या शेपटाला सैकियाचं डोकं लावलं
आणि वेळ लिहिली, आठ चाळीस.

परतल्याची वेळ लिहायचा रकाना
तीन दिवस कोरा होता.
कुणी त्या फळ्याला हात लावेना.

चौकशीत विचारलं, बदल कुणी केला?
आदेशानुसार, सर.
अहवालात शेवटी एक घार निघाली,
इंजिनात गेलेली.
चाळीस पानं. अंगठ्याचा उल्लेख कुठेच नाही.

नांगियाचा फोन येतो, दर फेब्रुवारीत.
"चाफलेजी, तूर कैसी है?"
त्याला तुरीचं काय.
मी तुरीचंच सांगतो. अळी, शेंगा, भाव.
दोघंही बराच वेळ तुरीतून बाहेर पडत नाही.

यंदा दिवाळीनंतर नाल्यापलीकडे वाघीण दिसली,
मागे दोन बछडे.
डुकरांसाठी जागल तर करावीच लागते,
पण आता एकट्यानं नाही, गावानं ठरवलं,
रोज दोघं-दोघं, पाळीनं.
सरपंच म्हणाले, आबाचं अक्षर चांगलं.
पंचायतीच्या भिंतीवर काळा चौकोन,
माझ्या हातात खडू.
आठवडाभराची नावं लिहिली. घाम आला,
नोव्हेंबरात.

काल गजू आला.
"आबा, मंगळवारी मले नोका टाकू,
साळ्याचं साक्षगंध हाय.
श्रावण जाते माह्या जाग्यावर. तेवढं नाव पुसा."
मी खडू पुढे केला.
तू पूस. आणि श्रावणचं नाव श्रावणला लिहू दे.
गजू हसला.
"त्याले लिवता कुठं येते, आबा?
अंगठा मारते थो."
खडू तसाच माझ्या हातात राहिला.
गजू गेला साक्षगंधाला,
भिंतीवर राहिला.

मंगळवारी जेवण करून मी टॉर्च घेतला,
श्रावणच्या मागे मागे मळ्यापर्यंत गेलो.
माचाणाखाली तो थांबला.
"तुमी कावून आले? तुमचं नाव तं नाही फळ्यावर."
तुझं तरी कुठं आहे, मी म्हणालो.

नाल्याकडून काही आवाज नव्हता.
त्यानं तळहातावर तंबाखू घेतली, चुना लावला,
आणि अंधारात
अंगठ्यानं बराच वेळ मळत राहिला.