मिनी सीशोर, वाशी

ह्याची रजा अडली, हर्णैचं बुकिंग गेलं.
पण बादली-फावडं आधीच घेतलेलं,
म्हणून रविवारी रिक्षा करून
सेक्टर दहाच्या खाडीवर.

"वाळू कुठाय?" जुई.
शर्विल तर पोहायचा चष्मा
घरूनच लावून आलेला.

समोर ओहोटी. चिखल, कांदळवन,
लांब पुलावर सरकणारे ट्रक.
मी म्हटलं, समुद्र जेवायला गेलाय.
माझं मलाच पटलं नाही.

तेवढ्यात चिखलातून एक निवटी
टुणकन उडाली,
डोळे वटारून आमच्याकडे बघत बसली.
मग दुसरी.
मग मोजदादच सुरू.

त्रेचाळीसला अंधारलं.
रिकामी बादली डोक्यावर घालून
जुई रिक्षात झोपली,
आणि शर्विल, चष्म्यासकट,
विचारत राहिला:
हर्णैला असतात का गं निवट्या?