प्रति क्षेत्र बासष्ट

सानपाड्याच्या लॅबमध्ये, दुसऱ्या मजल्यावर,
खिडकीकडे पाठ करून मी मोजते.
एसीचं पाणी बादलीत टपटपतं. मी मोजते.
चार तुकडे, एकेक तांदळाच्या कणीएवढा.
फॉर्मवर लिहिलंय :
निर्मळ हसुराम मढवी, वय एकोणीस, घणसोली गाव.
तक्रार : घास अडकतो. पाच वर्षं.

चारशे पटींनी वाढवलं की
अन्ननलिकेचं अस्तर दिसतं, थरावर थर,
चिऱ्यांची भिंत रचावी तसं.
आणि फटीफटीतून या.
इओसिनोफिल.
रंग पिऊन लालगुलाबी झालेल्या,
अंगात दाणेच दाणे,
मधे दोन पाकळ्यांचं केंद्रक,
नाकावरून घसरलेल्या चष्म्यासारखं.
उन्हात पसरलेला जवळा पाहिलाय?
तोच रंग.
सकाळपासून मी जवळाच निवडतेय.

पंधराच्या वर गेलं की आजाराला नाव मिळतं.
मी बासष्टवर थांबले.
परत मोजल्या. एकसष्ट.
त्या हलत नाहीत. हलले असेन मीच.

पुस्तकात यांना सैनिक म्हणतात, पहारेकरी म्हणतात.
मला नाही म्हणवत.
टी पेशीला काहीतरी खुपलं,
दूध, गहू की मासळी, अजून ठाऊक नाही,
आणि तिनं हाक दिली.
अस्तरानं ती पुढे पोचवली, या आळीतून त्या आळीत,
मास्ट पेशींनी आपापली पोती फोडली,
आणि रक्तातली चालती वाट सोडून
या इथं उतरल्या.
बोलावणं आल्यावर काय करणार?
आल्या, आणि जवळ होतं ते सगळं ओतलं
एका भाकरीच्या तुकड्यावर.
भाकरी गेली खाली. भाजली ती भिंत.
भाजून भाजून तिला कडी पडली,
एकाखाली एक, आखडत गेलेली.

आमचे सर सांगायचे,
या मूळच्या जंतांसाठी.
अनवाणी तळव्यातून शिरणाऱ्या,
चिखलात वाट बघत बसणाऱ्या जंतांसाठी.
निर्मळचा आजा मिठागरात जात असणार,
गुडघाभर खाचरात भात लावत असणार.
मला काय ठाऊक म्हणा,
पण घणसोलीत तेव्हा दुसरं काय होतं?
मग जमीन गेली, सेक्टरला नंबर पडले,
चिखलावर भराव, भरावावर काच.
जंत गेले.
त्यांच्यासाठी पाजळून ठेवलेली हत्यारं
परत मागायला मात्र कोणी आलं नाही.
(सर हेही सांगायचे की हा नुसता तर्क आहे.
तर्क तर तर्क. मोजताना सोबत होते.)

बाहेर बाकावर त्याची आई.
बोटांना अजून बर्फाचा पांढरेपणा, बाजारातून तशीच आलेली.
तीच सांगते. तो मोबाइलमध्ये बघत बसतो.
प्रत्येक घासाला पाणी. तांब्या संपतो, ताट नाही.
हळदीला सगळी पंगत उठते, हा एकटा चावत.
लोक म्हणतात नखरे. पोरं नवरी म्हणतात.
मागच्या हळदीत मटणाचा तुकडा बसला तो बसलाच,
रात्री अडीचला वाशीला नेऊन काढला.
“डॉक्टरीन बाय, याचे गल्यान काय अरकतंय?”

काय सांगू?
गल्यात काही नाही, बाय. थोडं खाली,
आणि तेही त्याचंच आहे.
तसं नाही म्हणाले. म्हणाले, सूज आहे,
औषध आहे, आधी एकेक पदार्थ बंद करून बघतील.
तिनं टोपलीकडे पाहिलं.
“मासली?”
बहुतेक आधी दूध.
“दूध चालंल,” ती म्हणाली,
इतक्या झटकन, की तो मोबाइलमधून वर बघून हसला.

रिपोर्टवर सही केली : बासष्ट.
एकसष्ट लिहायला हवे होते का, हा विचार जिन्यापर्यंत.
मग डबा उघडला.
पोळीचा पहिला घास गिळला.
एक, दोन, तीन, चार, पाच.
पोचला असावा.