काज

मंगळवार, सव्वाअकरा, लातूर.
कॅलेंडरवर दुधाच्या हिशोबाशेजारी लिहून ठेवलंय.
फोनवरच्या बाई म्हणाल्या,
नवे कपडे घालू नका, रोजचेच असू द्या.
त्याला आवडतं ते खायला आणा.
आणि हो, काही शिकवून आणू नका.

हे शेवटचं सांगायला उशीर झाला, बाई.
आठ दिवस मी रेवणला बटण शिकवतेय.
धर, ढकल, ओढ.
धर, ढकल, ओढ.
काल तो माझ्या अंगठ्याला चावला.
मी रागावले नाही,
उठून शेगडीखाली उगंच फडकं मारलं.

मोंढ्यातल्या दोन टेलरांची काज-बटणं माझ्याकडे असतात,
शर्टामागं सात रुपये.
लाईट गेली तरी माझी सुई चुकत नाही,
आणि माझ्याच लेकराच्या बोटांत
बटण म्हणजे साबणाची ओली वडी.

हे रात्री विचारतात,
ऑक्युपेशन म्हंजे धंदाच ना?
पाच वर्षांच्या लेकराला कसला आलाय धंदा?
मला उत्तर येत नाही.
मी फॉर्म पुढं ओढते. चार पानं, दोन्ही बाजूंनी.

कोणत्या हाताने खातो?
ज्या हाताला भाकरी जवळ, त्या.
कोणते आवाज सहन होत नाहीत?
कुकरची शिट्टी. टँकर मागं येताना वाजतो तो.
कधीकधी माझा.
कशाला हात लावत नाही?
कालवलेला भात, चिकट पेढा, तेल लावलेलं डोकं.
कशाने शांत होतो?

इथं यांनी माझ्या हातातून पेन घेतलं.
यांचं अक्षर मी लग्नाच्या दाखल्यावर पाहिलं होतं, त्यानंतर आज.
लिहिलं:
तुरीच्या डाळीत कोपरापर्यंत हात घातले की.

रविवारी दालमिलवर नेतात त्याला,
मला वाटायचं, मला जरा आराम म्हणून.
उघड्या पोत्यापाशी बसवतात.
तासभर बसतो म्हणे, गुमान,
मशीन एवढी धडधडत असते तरी.
सांगितलं नाहीत कधी, मी म्हटलं.
त्यात काय सांगायचं, म्हणाले,
आणि टोपण शोधत बसले.

बटणे स्वतः लावतो का?
तिथं मी दुपारीच लिहिलं होतं, हो.

त्याला कारण आहे. कुणाला ठाऊक नाही ते.
बालवाडीच्या शर्टाला आतून वेल्क्रोची पट्टी लावलीय मी,
काजं शिवून बुजवलीत,
वर पाच पांढरी बटणं, नुसती दिसायला.
मॅडम म्हणाल्या, रेवण हुशार झाला हो.
मी मान डोलावली.
एवढं सफाईचं काम
मी कुठल्या गिऱ्हाइकाचंही केलं नसेल.

अकरा वाजता हे झोपले.
खुंटीवरचे यांचे गाडीचे हातमोजे घातले मी,
आणि माझ्याच हातचा एक शर्ट घेऊन बसले.
पहिलं बटण सुटलं.
दुसऱ्यांदाही.
तिसऱ्यांदा काज सापडलं, बटण सापडेना.
घाम आला मला. दात ओठांवर आले.
चावायला समोर कुणी नव्हतं.

मग मोजे काढले,
ब्लेड घेतलं,
आणि बालवाडीच्या शर्टाची पाचही बटणं उसवली.
कापडावर पाच फिकट ठिपके राहिले.
'हो' खोडलं. खोडल्याचं दिसतंय, दिसू दे.

सकाळी पिशवी भरली:
फॉर्म, धपाटे कडा काढून, जास्तीची चड्डी,
बरणीत अर्धा किलो डाळ.
पाच बटणं रुमालाच्या गाठीत, का ते विचारू नका.

रेवण उठला. शर्ट घातला.
जिथं बटण असायचं तिथं बोट फिरवलं,
थांबला,
माझ्याकडं नाही, शर्टाकडंच पाहिलं.
मग पट्टी ओढली. चर्रर्र.
लावली. ओढली. चर्रर्र.
हसला.
परत लावली.

हे दारात गाडी चालू करून उभे,
मी हातानंच म्हटलं, थांबा.

सात वीसची बस गेली.
आठ दहाची आहे.