पाठीचा दर वेगळा

गंगावेशीत दूधकट्ट्यासमोर माझं दुकान,
सहा फूट बाय नऊ.
म्हशी धार द्यायला येतात, गायक माप द्यायला,
दोघंही अंग आखडून उभे राहतात.

हिंदुराव निगवेकर पहिल्यांदा आला
तेव्हा कंबर अठ्ठावीस.
'चंद्रलहरी' ऑर्केस्ट्रात माइक धरून उभा राहायचा,
यष्टीचा दांडा धरावा तसा.
मी त्याला कोट शिवला, जांभळा सॅटिन,
कॉलर खांद्याबाहेर जाणारी,
पँटच्या मोहरीखाली कोंबडं झाकेल एवढा घेर.
छातीवर टिकल्या. पाठीला काही नाही,
अस्तर मैद्याच्या पोत्याचं.
लोक समोर बसतात, इनायतमास्तर,
असं ऑर्केस्ट्राचा मालकच म्हणाला.

मग गायक फिरायला लागले.
गाता गाता गिरकी.
पोस्टरवर हिंदुरावचा हॅरी झाला
आणि मला पाठ भरावी लागली.
शमा रात्री चाळीसच्या बल्बखाली टिकल्या टाचायची;
एकदा आमटीत सापडली एक,
पोराला वाटलं, चांदी.
पाठीचा दर मी वेगळा लावला.
मालक कुरकुरला.
म्हटलं, मग सांगा त्याला, फिरू नकोस.

कॅसेटी आल्या आणि पुन्हा अर्धंच माणूस लागलं.
वर चकाकतं जाकीट, खाली घरची लुंगी,
रंकाळ्याच्या काठावर फोटो.
भेळ खाणारे लुंगीला हसत होते;
कव्हरवर मात्र मागं समुद्र वाटतो.

मग केबलच्या काळात एक पोरगा म्हणाला,
हिरवं सोडून काहीही शिवा.
का?
तर हिरव्यात डोंगर घालणार आहोत.
ठाणांकडं बघत बसलो त्या दिवशी.
पुढं कपडे एवढे ढगळ झाले
की मापच घेऊ नका म्हणायचे.
टेप आपली गळ्यात.

आता वरनं बघतात.
पंचगंगेच्या घाटावर परवा शूटिंग होतं,
डोक्यावर ते गुणगुणणारं यंत्र,
पोराच्या अंगात माझा पांढरा सदरा.
"लई साधा पाहिजे, मास्तर,
पण मुद्दाम साधा केलाय हे कळलं पाहिजे."
तीनदा उसवला.
खांद्यावरची जी शिवण इतकी वर्षं
फक्त कावळ्यांनी बघितली,
ती आता सगळं गाव बघतं.

मंगळवारी हिंदुराव आला, काठी टेकत.
नातवाला तो जांभळा कोट पाहिजे, फोनवर नाचायला.
नातू तालमीतला, दारात मावेना.
"सैल होतोय का बघ."

मी शिवण उसवली.
आत दोन्हीकडं दोन-दोन बोटं कापड दुमडलेलं.
आम्ही त्याला माया म्हणतो.
उपाशी पोराला शिवताना जास्त ठेवायची,
ही माझ्या बापाची शिकवण.
बाहेरचा जांभळा वांग्याच्या सालीगत सुकलेला,
आतला कालच ठाण उलगडल्यासारखा.
हिंदुरावनं चष्मा पुसला.
"असा होता व्हय रं?"
"असाच होता.
आता बाजूला दोन पट्टे दिसतील, गडद."
"दिसू देत."

नातवानं कोट माझ्या हातातनं घेतला, उलटा केला,
अस्तरावरचं गिरणीचं पुसट नाव मोठ्यानं वाचलं.
"हे भारी हाय. असाच घालतो, आतलं बाहेर."

दर अजून सांगितला नाही मी.
आतल्या बाजूचा दर
वहीत कुठं लिहिलेलाच नाही.