किरकोळ खर्च

नारायण पेठेत, सायकलच्या दुकानावर,
दीड खोलीचं आमच्या संस्थेचं ऑफिस.
मी तिथली खजिनदार. बिनपगारी.
एकतीस वर्षं बँकेत दुसऱ्यांचे पैसे मोजले,
आता आणखी दुसऱ्यांचे.

मरगळे सिस्टर धरणापलीकडून
महिन्याच्या शेवटच्या गुरुवारी पिशवी पाठवतात,
कंडक्टरच्या हाती, स्वारगेटला.
आत व्हाउचरं, चुरगळलेली.
एखाद्याला हळदीचा वास,
एखाद्यावर तपकिरी वाळलेला रक्ताचा ठिपका.
हिमोग्लोबिन तपासताना पडला असेल. मी विचारत नाही.

लोहाच्या गोळ्या, तीनशे पट्ट्या. पावती जोडली आहे.
गूळ, शेंगदाणे, खारीक. पावती जोडली आहे.
वजनकाट्याचा सेल. पावती जोडली आहे.
एका सासूबाईंना चहा, चार वेळा,
सुनेला दवाखान्यात जाऊ द्यावं म्हणून. पावती नाही.
बांबू एक, घोंगडी एक, परत मिळाली नाही. पावती नाही.
होडी, रात्रीची. पावती नाही.
होडी. पावती नाही.
होडी.

परचुरे ऑडिटर भला माणूस.
दरवर्षी स्वतः पाचशे एक देतो
आणि माझ्या सहीखालची तारीख तपासूनच पावती खिशात घालतो.
म्हणाला, बाई, ही होडी कुठल्या खात्यात बुडवू?

म्हणून मी गेले. मे महिना होता.
पानशेतच्या पुढे डांबर संपलं, मग माती,
मग भेगाळलेला चिखल, आणि खूप खाली पाणी.
हेच सकाळी सहा ते नऊ माझ्या नळाला येतं.
कुणाच्या परसावरून येतं
ते पाणीपट्टीच्या बिलात छापत नाहीत.

धाकू कचरे डालड्याच्या डब्यानं होडी उपसत होता.
मी पावतीपुस्तक काढलं, शाईचं पॅड काढलं.
म्हटलं, इथं अंगठा द्या. एका फेरीचे किती?
तो म्हणाला, कंच्या फेरीचं?

चिमी हिलमला कोळशाच्या भट्टीवरनं आणली व्हती,
आठवा सरलेला, पाय सुजून भोपळं,
रातचं दोन वाजलेलं, बॅटरी सिस्टरच्या दातात.
जाताना दोघी. येताना तिघी.
आता तुमीच सांगा, तिसरीचं भाडं लावू का?
आणि हसला, होडी हलेपर्यंत.

मग मी, सवयीनं, मागचं पान उलटलं.
भाद्रपदातली एक फेरी राहिली होती.
विचारलं.
त्यानं वल्ह्याचं शेवाळ नखानं खरवडलं.
जाताना दोघी, म्हणाला.
येताना सिस्टर.
त्येचं पैसं नकु.

पलीकडे अंगणवाडीच्या ओट्यावर चिमी बसली होती,
मांडीवर मूठभर पोर, गालाला काजळ.
सिस्टर ओरडत होत्या,
लाडू तुला दिले होते, थोरल्याला नाही, नवऱ्याला तर नाहीच.
मी खाल्ला की, चिमी म्हणाली. अर्धा.
सिस्टरनी दुसरा अर्धा समोर बसून खायला लावला,
बोटाला लागलेला चुरासुद्धा,
मग वहीत बरोबरची खूण केली.
आमच्या बँकेत इतकी कडक रोकड तपासणी
कधी झाली नाही.
पोरीचं नाव अजून ठेवलं नव्हतं.
माझं बोट तिनं धरलं तेव्हा त्याला शाई होती.

परत येऊन मी खातेवहीत नवं पान उघडलं.
वर लिहिलं, होडी.
रकाने दोन: जाताना किती, येताना किती.
भाद्रपदाच्या ओळीत रकमेच्या जागी आडवी रेघ ओढली.
परचुरेंनी तिच्यावर पेन्सिल टेकवली,
थोडा वेळ टेकवूनच ठेवली,
आणि पान उलटलं.

ऑफिसातला नळ रात्रंदिवस गळतोय.
वॉशर बदलायला हवा.
तो बसतो, किरकोळ खर्चात.