येण्याचे कारण

पहिल्या खेपेला स्टँडमागच्या गल्लीत
तीन लॉजांनी काउंटरवरूनच मान हलवली.
एकट्या बाईला नाही देत मॅडम, वरून ऑर्डर आहे.
वर कोण राहतं ते विचारलं नाही.
वर पाटी होती, पाटीच्या वर
गांधीलमाश्यांचं पोळं.

चौथं सुखनिवास.
आण्णाप्पा मगदूम, सत्तरीचे, कानाला हाताचा द्रोण.
म्हटलं, एकटीच.
एकतीस? न्हाईत एवढ्या खोल्या, अकराच हाईत,
म्हणाले, आणि रजिस्टर माझ्याकडे फिरवलं.
कोठून आलात : कुडाळ.
सोबत कोण : आडवी रेघ.
येण्याचे कारण : कान.

कानाची यंत्रं बसवते मी. दर दुसऱ्या बुधवारी
शाहूपुरीतल्या एका दवाखान्यात, उसन्या टेबलावर.

दोनशे तीन. साडेचारशे रुपये, गरम पाणी सहा ते सात.
खिडकी उघडली की भिंत.
चादरीच्या कोपऱ्यात दुसऱ्याच लॉजचा शिक्का.
साबण पेढ्याएवढा, तोही कुणीतरी आधी चाखलेला.
आरशावर तीन टिकल्या अनोळखी बायकांच्या,
चौथी माझी, सप्टेंबरपासून.

एका बुधवारी ढेकणांनी उठवलं,
पहाटेपर्यंत खुर्चीवर बसले, पाय वर घेऊन.
पुढच्या बुधवारी गादी नवी, प्लास्टिकसकट,
रात्रभर कूस बदलली की पापड मोडायचे.
एकदा ताप होता. तम्मानं न सांगता
तांदळाची पेज आणली घरून, झाकणाला रुमाल बांधून,
आणि पैसे देऊ लागले तर
जिना दोन-दोन पायऱ्यांनी उतरून गेला.

दिवा मालवला की माझे कान कामाला लागतात.
डावीकडे कुणी नोटा मोजतंय, बोट ओलं करून.
वर देवीला आलेलं बिऱ्हाड, त्यांचं लहान मूल,
आणि त्या मुलाला न जुमानणारा खुळखुळा.
स्टँडवरची बाई थकत नाही :
गारगोटी, राधानगरी, पुन्हा गारगोटी.
आणि नळ. दर चार सेकंदांनी एक थेंब,
बादली भरत आली की सूर चढतो.

तक्रार केली, नळ गळतो.
मळमळतं? म्हणाले आण्णाप्पा,
आणि वर लिंबू पाठवलं, मीठ लावून.
खाल्लं मी.

डिसेंबरात पेटीत एक यंत्र उरलं,
कुणाच्या तरी मुलानं परत केलेलं, बाप गेल्यावर.
रात्री दहाला स्टूल ओढलं
आणि काउंटरवरच बसवलं त्यांच्या उजव्या कानात.
काही बोलले नाहीत. मग वर पाहिलं, पंख्याकडे.
ह्यो कवापास्नं वरडतोय असा?

चपला काढून जिना चढले.
बोळात उभे राहिले बराच वेळ,
नोटा, खुळखुळा, कुणाचा तरी कोरडा खोकला,
आणि दोनशे तीनच्या दारातून, थेंब.
खाली आले ते भिंतीला हात लावत.
मॅडम, ह्यात झोपतासा तुमी?

सकाळी साडेसहाला दारात तम्मा, हातात पाना.
मागे आण्णाप्पा, तागाचा धागा दातांत धरून.
नळ थांबला. त्या रात्री
मला झोप आली नाही, खरं सांगायचं तर.
थेंबाची वाट बघत पडून राहिले.

जानेवारीत यंत्र किल्ल्यांच्या खणात, रुमालात गुंडाळलेलं.
दिवसा घालतो म्हणाले,
रातीचं लॉज माझ्यानं ऐकवत न्हाई.
तेव्हाही रात्रच होती, कान मोकळेच.
सवयीनं म्हणून गेले, एकटीच.
म्हाईत हाय की, म्हणाले,
त्यो शब्द वठावरनं कळतोय.

मी त्यांच्याकडे पाहत राहिले.
ते रजिस्टरात मान घालून
माझी रेघ स्वतःच ओढत होते, पट्टी लावून.
किल्ली पुढे सरकवली, दोनशे तीनची,
आणि साबण. अख्खा, कागदासकट.