डॉट देव

वडगावात, इराप्पा कामकरांच्या मागांच्या वरची खोली,
तेच माझं ऑफिस. एक टेबल, दोन खुर्च्या
आणि खालची खटखट, जी तळपायातून चढते
आणि कपातल्या चहावर वर्तुळं काढत बसते.

इराप्पांच्या साड्यांचं दुकान मांडत होतो पडद्यावर.
अजून कुणाला दाखवायचं नव्हतं,
म्हणून पत्ता ठेवला घरातल्या घरात:
विणकर डॉट डेव्ह.
आईनं चष्मा कपाळावर सारून वाचलं,
"विणकर डॉट देव.
बरं केलास की, शेवटाला तरी देव घातलास."
इंग्रजी ती अक्षरं दिसतात तसंच वाचते.
मी सुधारलं नाही.

तीन महिने देव बिनकुलपाचा चालला.

मग एका मंगळवारी, हेस्कॉमची वीज दुपारी परत आली,
डबा पुन्हा सुरू झाला, आणि ब्राउझर
झोपेत वय वाढल्यासारखा नवा होऊन उठला.
साड्या नाहीत. लाल त्रिकोण.
तुमचं कनेक्शन खाजगी नाही.
मी पत्त्यातला एस खोडला, त्यानं परत लावला.
परत खोडला. परत लावला.
शाळेतला मॉनिटर फळ्यावर नाव लिहितो तसा.

खाजगी नाही?
अरे, हाक मी मारतोय, ओ मीच देतोय.
एकशे सत्तावीस, शून्य, शून्य, एक,
म्हणजे टेबलाखालचा हाच डबा.
निरोप निघतो आणि उंबरा न ओलांडता पोचतो.
मधे कोण आहे चोरून ऐकणारं? इराप्पांचा माग?
त्याला स्वतःशिवाय काही ऐकू येत नाही.

त्याला दाखला हवा होता.
केला. मीच लिहिला, मीच सही ठोकली.
म्हणाला, सही कुणाची? तुझी?
तुला कोण ओळखतं?

आणि मला कचेरीतली ती खिडकी आठवली.
बाबांचा दाखला एका लिपीतला, माझा दुसऱ्या,
आणि येळ्ळूरकरमधला एक ळ
मधल्या वाटेवर कुठंतरी सांडलेला.
"हे दोघं बापलेक कशावरून?"
बाबा सदऱ्याचं बटण चाचपत म्हणाले, "मीच की बाप."
ते कुठल्या रकान्यात बसेना.

संध्याकाळी बैलहोंगलहून शिवलीलेचा फोन.
"ती यादी ब्राउझरच्या पोटातच शिवलीय.
ते शेपूट आता कुणाच्या तरी मालकीचं,
त्या नावाच्या सगळ्यांना कुलूप सक्तीचं.
तुझं घर आतलं का बाहेरचं, तो विचारत नाही.
इरली बिडू. नाव बदल.
डॉट टेस्ट कर, ते कुणाला विकत नाहीत."

नाव बदल.
ह्या शहरात हे दोन शब्द
इतक्या हलक्या आवाजात मी कधी ऐकले नव्हते.
तिलाही कळलं असावं. थोडा वेळ
फोनमध्ये फक्त तिच्याकडची एसटी हॉर्न वाजवत गेली,
मग दोघंही हसलो, नको इतकं.

एका फाइलीत एक ओळ. चार अक्षरं.
पान उघडलं, आधी काठ उतरला,
मग पदर, मग मधली हिरवी.

कुलपाशी माझं भांडण नाही.
उद्या हुबळीची कोण, सांगलीची कोण
इथं कार्डाचे आकडे लिहील,
तेव्हा मीच लावीन, दोनदा ओढून बघीन.
खरं स्वतःच्या न्हाणीघरात जाताना
ओळखपत्र काढायचं म्हणजे.

रात्री आई डबा घेऊन वर आली.
पडद्यापाशी वाकली, बोट ठेवून ठेवून वाचलं.
"देव काढलास काय रे?"
"नाही," म्हटलं, "बाहेर गेलाय.
दाखला घेऊनच परत येतो म्हणाला."
तिनं झाकण उघडलं,
भाकरीखालून मिरचीचा वास आला.
"मग जेवून घे की.
येळ लागतंय त्याला."